कोळंबीचे मेक्सिकन मॅरिनेड: गैरसमज आणि वस्तुस्थिती

सुक्या मिरचीचे वाटण, लसूण, मीठ, तेल आणि लिंबाचा रस एवढ्यात कोळंबीचे मेक्सिकन धाटणीचे मॅरिनेड होते. वाटण तयार असेल तर कोळंबी अर्ध्या तासाच्या आत तव्यावर जाते. हा झटपटपणा म्हणजे तडजोड नव्हे. कोळंबीला तेवढाच वेळ मानवतो. तरीही मटण-चिकनच्या सवयीने ती रात्रभर मुरत ठेवली जाते आणि शिजल्यावर चोथट लागली की दोष मासळीवाल्याच्या माथी जातो.

जितके जास्त मुरेल तितकी चव आत जाईल, हा सगळ्यांत घट्ट रुजलेला समज. मांसात खोलवर जाते ते मुख्यतः मीठ. मिरचीचा रंग, लसणाचा स्वाद, तेलात उतरलेला मसाला हे सारे वरच्या काही मिलिमीटरमध्येच थांबते. कोळंबी मुळात बारीक असल्यामुळे वरचा लेप प्रत्येक घासाला पुरतो. मीठ आणि वाटण लावून 20 मिनिटे खूप झाली; लिंबाचा रस त्यातल्या शेवटच्या 10 मिनिटांत घालावा. रस आधीच घालून भांडे तासभर तसेच राहिले, तर परिणाम डोळ्यांना दिसतो. करड्या, काचेसारख्या कोळंबीच्या कडा दुधी होतात, पाठीवर गुलाबी झाक चढते आणि तळाशी गढूळ पाणी साठते. आम्लामुळे प्रथिनांच्या घड्या उलगडतात, ती एकमेकांत गुंततात आणि मांसातले पाणी बाहेर पडते. अशी कोळंबी तव्यावर पुन्हा आवळते आणि कोरडी होते.

गुलाबी झाली म्हणजे लिंबात शिजली, हा दुसरा समज यातूनच निघतो आणि तो धोक्याचा आहे. कोळंबीच्या तांबूस रंगाचे द्रव्य, अ‍ॅस्टाझॅन्थिन, कच्चेपणी एका प्रथिनाला बांधलेले असते म्हणून दिसत नाही. उष्णतेने किंवा आम्लाने ते प्रथिन मोडले की रंग मोकळा होतो. मेक्सिकोच्या सिनालोआ राज्यातला प्रसिद्ध आग्वाचिले हा पदार्थ लिंबू-मिरचीत घोळवून काही मिनिटांत वाढलेल्या कोळंबीचा असतो, आणि ती कोळंबी कच्चीच असते. लिंबाचा रस व्हिब्रिओसारख्या जिवाणूंचा खात्रीने नायनाट करत नाही. 1991 साली पेरूत कॉलराची साथ आली, तेव्हा सेविचेसह कच्च्या मासळीच्या पदार्थांकडे संशयाने पाहिले गेले. मासळीच्या आतल्या भागाचे तापमान 63 अंश सेल्सिअसपर्यंत जावे, असा अमेरिकी अन्नसुरक्षा नियमांचा दंडक आहे. गरोदर स्त्रिया, लहान मुले आणि यकृताचे दुखणे असलेल्यांनी कच्ची कोळंबी टाळलेलीच बरी.

मेक्सिकन म्हणजे जाळ, असेही मानले जाते. तिथल्या वाटणांचा पाया असलेल्या ग्वाहियो आणि आंचो या सुक्या मिरच्या तशा सौम्य आहेत. तिखटपणाच्या स्कोव्हिल मापावर ग्वाहियो साधारण 2,500 ते 5,000 आणि आंचो 1,000 ते 2,000 भरते. आंचो म्हणजे वाळवलेली पोब्लानो, तर चिपोत्ले म्हणजे पिकलेली हलापेनो धुरावर वाळवून केलेली मिरची. या मिरच्यांचे मोल तिखटापेक्षा त्यांच्या मनुका-चिंचेकडे झुकणाऱ्या चवीत आणि धुरकट वासात आहे. म्हणून त्या न मिळाल्यास लवंगी घेऊ नये. रंगाला गडद आणि तिखटाला बेताची बेडगी चालते, मात्र चिपोत्लेचा धूर तिच्यात नसतो. बिया काढल्या की तिखट गेले, हेही अर्धेच खरे. तिखटपणा देणारे कॅप्सायसिन बियांत तयार होत नाही, ते बिया धरून ठेवणाऱ्या पांढऱ्या शिरांत तयार होते.

वाटणाची खरी परीक्षा भाजण्यात असते. देठ आणि बिया काढलेली मिरची मध्यम तापलेल्या तव्यावर दाबून दोन्ही बाजूंनी काही सेकंदच ठेवावी. साल किंचित फुगून वास सुटला की लगेच उतरवावी. काळी पडली तर वाटण कडू होते आणि तो कडूपणा कितीही लिंबू पिळून जात नाही. भाजलेली मिरची 15 मिनिटे गरम पाण्यात भिजवली की मऊ वाटली जाते. अर्धा किलो सोललेल्या कोळंबीला ग्वाहियो किंवा बेडगी 4, लसणाच्या पाकळ्या 4, तेल 2 मोठे चमचे, लिंबाचा रस 2 मोठे चमचे आणि मीठ पाऊण लहान चमचा हे प्रमाण बसते.

जिरे भरपूर घातले की चव मेक्सिकन होते, हा समज मेक्सिकोपेक्षा टेक्सासमधून आला आहे. 1890 च्या दशकात टेक्सासमध्ये विल्यम गेबहार्ट यांनी तयार मिरची मसाला विकायला सुरुवात केली आणि जिऱ्याचा ठसका त्या टेक्स-मेक्स चवीची ओळख बनला. मेक्सिकोत जिरे चिमटीने पडते. तिथला ओरेगानोही पिझ्झ्यावरचा नव्हे. तो लिप्पिया ग्रॅव्हिओलेन्स, म्हणजे पुदिन्याच्या नव्हे तर घाणेरीच्या कुळातला. युकातान भागात तर वेगळेच वाटण असते, शेंदरीच्या बियांचे आणि आंबट संत्र्याच्या रसाचे. मेक्सिकन मॅरिनेड एकच असते हा समज तिथेच गळून पडतो.

लिंबाबाबत मराठी स्वयंपाकघराला काही शोधावे लागत नाही. कोलिमा आणि मिचोआकानमध्ये पिकणारे छोटे लिंबू हे आपले कागदी लिंबूच. ते मूळचे आशियातले असून स्पॅनिश लोकांबरोबर तिकडे गेले. मिरचीने उलटा प्रवास केला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती भारतात आली. आणि 2009 पासून भारतात अधिकृतपणे शेती होत असलेली व्हेनामी कोळंबी मूळची मेक्सिको ते पेरू या पॅसिफिक किनाऱ्यावरची आहे. बाजारातल्या गोठवलेल्या पाकिटात बहुधा तीच असते.

गोठवलेली म्हणजे शिळी, असे मानायचे कारण नाही. पकडल्यावर लवकर गोठवलेली कोळंबी दिवसभर अपुऱ्या बर्फावर पडलेल्या ‘ताज्या’पेक्षा कितीतरी बरी. ती फ्रिजमध्ये किंवा थंड पाण्यात सोडवावी, पाठीतला काळा दोरा काढावा आणि कापडाने कोरडी टिपावी, नाहीतर वाटण पाण्याबरोबर निथळून जाते. कच्चा अननस किंवा पपई मऊपणासाठी घालू नये. त्यांच्यातली प्रथिने तोडणारी विकरे कोळंबीचा लगदा करतात. डबाबंद अननसाला हा नियम नाही, कारण तापवताना त्याचे विकर निष्क्रिय झालेले असते. मुरवायला काचेचे किंवा स्टीलचे भांडे घ्यावे, कारण लिंबाचा रस अ‍ॅल्युमिनियम आणि कल्हई नसलेल्या पितळेला लागतो.

तवा चांगला तापवून कोळंबी एका थरात पसरावी. एकदम सगळी ओतली की ती भाजली जात नाही, स्वतःच्या पाण्यात उकडते. मध्यम आकाराला एका बाजूने दीड-दोन मिनिटे पुरतात. अर्धवर्तुळात वळून आतून पांढरी झाली की उतरवावी, घट्ट वेटोळे झाले म्हणजे वेळ टळली. भांड्यात उरलेले मॅरिनेड कच्च्या कोळंबीला लागलेले असते. ते वरून घालायचे असेल तर आधी खळखळून उकळून घ्यावे.