फेटियाच्या चुण्या

दिग्रसहून आम्ही बोलतोय.

रामनवमीला पोहरादेवीच्या यात्रेत गेलात, तर बंजारा समाजातल्या वयस्कर बाया अजूनही फेटिया, कांचळी नि छांटिया अशा पूर्ण पेहरावात दिसतात. फेटिया म्हणजे घेरदार घागरा, कांचळी म्हणजे चोळी आणि छांटिया म्हणजे ओढणी. त्यांच्या लेकी-सुना मात्र साडीत नाहीतर ड्रेसमध्ये. नेसणं बदललं, त्याचं आम्हाला वाईट वाटत नाही. पण फेटिया शिवणारे हात थांबले, तर ती विद्याही त्यांच्याबरोबर जाईल. म्हणून आमच्या गटानं तांड्यातल्या एका याडीकडं बसून शिकायचं ठरवलं. गोरबोलीत आईला याडी म्हणतात. जे शिकलो, ते आज सांगतो.

फेटियाचे तीन भाग धरा : वर भरतकामाचा कंबरपट्टा, मधे घेर आणि खाली वेगळ्या रंगाच्या कापडाची पट्टी.

आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवा. सुती कापड आटतं. शिवल्यावर आटलं तर सगळी मेहनत वाया. लाल कापडावर ओला पांढरा चिंधुक घासून रंग जातो का तेही बघा.

आता चुण्यांचा हिशोब. समजा पट्टा ८० सेंटिमीटर आणि घेर ४ मीटर, म्हणजे ४०० सेंटिमीटर. एक चुणी वरून २ सेंटिमीटर दिसावी असं ठरवलं, तर ८० ला २ नं भागा : ४० चुण्या. ४०० ला ४० नं भागा : प्रत्येक चुणीला १० सेंटिमीटर कापड. त्यातलं २ दिसतं, ८ आत दुमडतं. कापडाचे जोड या दुमडीत लपवायचे. शिवणीसाठी दोन्ही टोकांना थोडं कापड जास्त ठेवा.

आमच्या पहिल्या फेटियात आम्ही एका टोकापासून चुण्या घालत सुटलो. शेवटी कापड उरलं आणि पट्टा संपला! सगळ्या चुण्या उसवाव्या लागल्या. याडी हसली. तिनं पट्टा मधोमध दुमडून खूण केली, मग चार भाग, मग आठ. घेराचेही तसेच आठ भाग केले आणि खुणेला खूण टाचली. आता चूक झालीच, तर त्या आठव्या भागातच राहते. आधी कच्चा धावदोरा घालून चुण्या बसवा, अंगाला लावून बघा, मगच उलटी टीप घालून पक्क्या करा.

पट्ट्यावरचं भरतकाम घेर जोडायच्या आधी करा. आरशाला भोक नसतं. आधी त्याच्यावरून दोन उभे, दोन आडवे धागे घेऊन चौकट करायची, मग त्या चौकटीत सुई अडकवत कडेनं गोल भरायचं. चौकट सैल राहिली, तर आरसा निसटतो.

मैत्रिणींनो, चुण्यांचा हा हिशोब दूर स्कॉटलंडमध्येही चालतो. तिथले पुरुष किल्ट नावाचा लोकरी घागरा नेसतात. चांगल्या किल्टला सात मीटरच्या आसपास कापड लागतं. पुढं सपाट, मागं चुण्या. कमरेपासून नितंबापर्यंत त्या हातानं शिवतात, खाली मोकळ्या सोडतात. दुमडल्यावरही कापडाच्या चौकटी जुळल्या पाहिजेत, त्यातच शिवणाऱ्याची परीक्षा. १७४६ साली इंग्रज सरकारनं कायदा करून तिथल्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना हा पेहराव बंद केला. १७८२ साली तो कायदा उठला. पेहराव टिकला आणि आज हातानं शिवलेला किल्ट चांगल्या किमतीला जातो.

आपल्याकडं फेटियावर कुणाची बंदी नाही. तरी तो मागं पडतोय, कारण आपण हाताची मजुरी धरतच नाही. "रिकाम्या वेळात केलं" म्हणतो आणि कापडाच्या भावात देऊन टाकतो. समजा कापड, दोरा, आरशांना ९०० रुपये लागले आणि पूर्ण दहा दिवसांचं काम झालं. रोज ३०० धरले, तरी ३,००० रुपये मजुरी. म्हणजे ३,९०० च्या खाली विकला, तर तोटा आपल्याच हाताचा. म्हणून वहीत रोजचे तास लिहा.

कर्नाटकात संडूरच्या लंबाणी बायांनी हेच भरतकाम पिशव्या, कपडे, उशांचे अभ्रे यांवर नेलं. त्यांच्या कामाला भौगोलिक मानांकनही मिळालंय. लहान वस्तूंनी आपणही सुरुवात करू शकतो.

एक विनंती. घरात सासूचा, आजीचा जुना फेटिया असेल, तर फेरीवाल्याला देऊ नका. तो उलटा करून बघा. शिवण कशी घातली, जोड कुठं लपवला, सगळं उलट्या बाजूनं कळतं. पुढच्या बैठकीला तो घेऊन या, आणि ज्या आजीला अजून सुईत दोरा ओवता येतो, तिलाही सोबत आणा. दोरा आपण ओवून देऊ, पण चुणी तिच्याकडूनच शिकू.