काटा तळाला टेकल्यावर

गाडीतला इंधनाचा काटा शून्यावर आला तरी टाकीत थोडं पेट्रोल उरलेलं असतं, हे बहुतेक चालकांना ठाऊक असतं. ते किती उरतं, कशासाठी उरतं आणि चढावर इंजिनापर्यंत पोचतं का, हे मात्र थोड्यांनाच माहीत असतं. या अर्धवट माहितीच्या भरवशावर माणसं खालापूर सोडून घाटाला लागतात, रात्री उशिरा ताम्हिणीत शिरतात, गणपतीच्या गर्दीत पनवेलहून कोकणाकडे निघतात. ‘अजून तीस-चाळीस किलोमीटर सहज जाईल,’ असं म्हणणारा एक जण प्रत्येक गाडीत असतो. त्याच्या त्या तीस-चाळीस किलोमीटरचा हिशेब एकदा नीट मांडावा, म्हणून हा लेख.

काट्यामागची यंत्रणा अगदी साधी आहे. टाकीत पेट्रोलवर तरंगणारा एक फ्लोट असतो. त्याला जोडलेली दांडी पेट्रोलच्या पातळीबरोबर वरखाली होते, दांडीचं टोक विद्युतरोध असलेल्या एका पट्टीवरून सरकतं, त्यानुसार विद्युतप्रवाह कमीजास्त होतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. मात्र वळणावर, खड्ड्यात, ब्रेक दाबल्यावर टाकीतलं पेट्रोल हिंदकळतं. काट्यानं प्रत्येक हिंदोळा दाखवला तर तो वाचताच येणार नाही. म्हणून त्याला मुद्दाम संथ केलेलं असतं. जुन्या गाड्यांत हे काम तापून हळूहळू वाकणारी दुहेरी धातूची पट्टी करायची, आता संगणक काही काळातल्या नोंदींची सरासरी काढतो.

त्यात टाकीचा आकार वेडावाकडा. बहुतेक मोटारींत ती मागच्या सीटखाली, सायलेन्सरचा पाइप आणि चाकांचे सांधे चुकवत बसवलेली असते. त्यामुळे काटा अर्ध्यावर आला म्हणजे पेट्रोल अर्धं उरलं असं नसतं. टाकी गच्च भरल्यावर फ्लोट वरच्या टोकाला अडकतो, त्याच्या वरचं पेट्रोल मोजलंच जात नाही, म्हणून सुरुवातीला काटा बराच वेळ जागचा हलत नाही. नंतर तो घाईनं खाली येतो असं वाटतं. तळाशी उलटा प्रकार. कंपनी शून्याची खूण खऱ्या तळाच्या वर ठेवते, आणि त्याआधीच पिवळा दिवा लावते. साधारणपणे टाकीत दहा ते पंधरा टक्के इंधन उरलं की हा दिवा लागतो. सदतीस लिटरची टाकी असलेल्या स्विफ्टसारख्या गाडीत हे साडेतीन ते साडेपाच लिटर होतात. पण हे प्रमाण कंपनीगणिक आणि मॉडेलगणिक बदलतं. एका गाडीचा अनुभव दुसऱ्या गाडीला लावू नये.

दुचाकीवर वाढलेल्या पिढीला काट्याची गरजच नव्हती. बजाज चेतक असो की राजदूत, टाकीखाली पेट्रोलचा कॉक असायचा: चालू, बंद आणि रिझर्व्ह. रिझर्व्हची वेगळी टाकी आहे, असा अनेकांचा समज होता. तशी टाकी कधीच नव्हती. कॉकमधून टाकीत दोन वाटा जायच्या, एक उंच नळीतून आणि एक तळाशी. नेहमीच्या खुणेवर पेट्रोल उंच नळीतून यायचं. पातळी तिच्या तोंडाखाली गेली की इंजिन आचके द्यायचं, हात खाली जाऊन कॉक फिरवायचा आणि तळाची वाट उघडायची. ‘गाडी रिझर्व्हला लागली’ हे त्या क्षणी घरातल्या सगळ्यांना कळायचं. मागे बसलेल्या बाईंनाही.

त्यापुढची पायरी म्हणजे गाडी आडवी करणं. मोटारसायकलची टाकी चेसिसच्या नळीवर दोन्ही बाजूंना उतरलेली असते आणि कॉक एकाच बाजूला असतो. दुसऱ्या बाजूच्या खोलगटात साठलेलं पेट्रोल कॉकपर्यंत पोचत नाही. गाडी कॉकच्या बाजूला कलती केली की ते मधला उंचवटा ओलांडून इकडे येतं. रस्त्याकडेला गाडी कलवून उभी असलेली माणसं भौतिकशास्त्राचा अचूक प्रयोग करत असायची. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले, बहुतेक दुचाक्यांत फ्युएल इंजेक्शन आलं, टाकीत विजेचा पंप आला आणि कॉक गेला. मला ही मोठी हानी वाटते. प्रदूषणाच्या दृष्टीनं बदल योग्यच होता. पण कॉक फिरवणं ही चालकानं स्वतःच्या हातानं केलेली नोंद होती. पिवळा दिवा नुसता दिसतो, आणि जे रोज दिसतं त्याकडे डोळा दुर्लक्ष करायला शिकतो.

आता टाकीतल्या त्या पंपाकडे वळू, कारण तळातलं पेट्रोल मुख्यतः त्याच्यासाठी असतं. कार्ब्युरेटरच्या मारुती ८०० मध्ये पंप इंजिनावर बसवलेला असायचा. इंजेक्शनच्या गाडीत तो टाकीच्या आत, पेट्रोलात बुडालेला असतो. पेट्रोलच त्याला थंड ठेवतं, वंगण पुरवतं. पातळी वारंवार तळाला गेली की तो तापतो, कधी हवा ओढतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. एकदा दिवा लागल्यानं पंप जळत नाही, सवयीनं जळतो. ‘तळाचा गाळ इंजिनात जातो’ ही भीती मात्र फारशी खरी नाही. पंप नेहमी तळातूनच पेट्रोल ओढतो, टाकी भरलेली असतानाही, आणि त्याच्या तोंडाशी जाळी असते.

पंपाचे सर्वाधिक हाल सीएनजीच्या गाड्यांत होतात. पुण्या-मुंबईत सीएनजीवर चालणाऱ्या गाड्यांची संख्या प्रचंड आहे. ‘पेट्रोल लागतंच कुठे’ म्हणून टाकी महिनोन्महिने जेमतेम ओली ठेवली जाते. पण यांतल्या बऱ्याच गाड्या सुरू होताना पेट्रोलवर सुरू होतात, आणि काही गाड्यांत गॅसवर चालतानाही पंप फिरतच असतो. सीएनजी संपून गाडी पेट्रोलवर पडते, ती नेमकी सीएनजी पंपासमोरच्या लांब रांगेत. सीएनजीवाल्यांनी पाव टाकी पेट्रोल कायम ठेवावं, हे माझं ठाम मत आहे.

डिझेलची गोष्ट वेगळी आणि जास्त खर्चिक. डिझेल पूर्ण संपलं की नळ्यांत हवा शिरते. ट्रकवाले म्हणतात, ‘गाडीनं एअर पकडली.’ मग नुसतं डिझेल ओतून भागत नाही. फिल्टरजवळचा हातपंप दाबून हवा बाहेर काढावी लागते. जुन्या गाड्यांत हे क्लीनर पोरगाही करायचा. आताच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल हजार-दीड हजार बारहून अधिक दाबानं इंजेक्टरकडे जातं आणि तो दाब निर्माण करणाऱ्या पंपाला वंगण मिळतं ते डिझेलचंच. तो कोरडा फिरला तर दुरुस्तीचं बिल टाकीभर डिझेलच्या कितीतरी पट येतं.

पण पैशांचं नुकसान सोसता येतं. घाटातला धोका त्याहून गंभीर आहे. सपाट रस्त्यावर पंपापर्यंत पोचणारं दोन-तीन लिटर पेट्रोल चढाला लागल्यावर टाकीच्या मागच्या कोपऱ्यात जातं, वळणावर बाजूला पळतं. पंपाभोवती छोटी वाटी असते, ती थोडा वेळ सांभाळून घेते. पण एकामागून एक वळणं आली की तीही रिकामी होते. इंजिन आचका देतं आणि टाकीत पेट्रोल असूनही गाडी बंद पडते, तीही मागे मालवाहू कंटेनर चढत असताना.

उतारावर बंद पडली तर आणखी वाईट. ब्रेकला मदत करणारा बूस्टर इंजिनातल्या निर्वातावर चालतो. इंजिन बंद झाल्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबण्यापुरती मदत उरते, नंतर पेडल दगडासारखं कडक होतं. ब्रेक लागतो, पण पूर्ण ताकदीनं दाबावा लागतो. स्टिअरिंगही जड होतं. म्हणून अशा वेळी ब्रेक पुन्हा पुन्हा सोडून दाबू नये. एकदाच, सलग दाबून गाडी डाव्या कडेला घ्यावी. किल्ली काढू नये, स्टिअरिंग लॉक होईल. पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल करणारे अजून पुष्कळ आहेत, आणि त्यांचा हिशेबही चुकतो. इंजेक्शनची गाडी गिअरमध्ये असताना पाय उचलला की संगणक इंधन पूर्ण तोडतो. चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जाळावंच लागतं. म्हणजे गिअरमध्ये उतरणं सुरक्षितही आणि स्वस्तही.

नव्या गाड्यांत काट्यासोबत ‘अजून इतके किलोमीटर’ असा आकडा दिसतो. हा आकडा मोजलेला नसतो. मागच्या काही किलोमीटरांत पेट्रोल कसं लागलं, त्यावरून पुढचा अंदाज केलेला असतो. लोणावळ्याहून खाली खोपोलीपर्यंत उतरताना तो वाढतो, उलट चढताना झपाट्यानं घसरतो. वाहतूक कोंडीत एसी चालू ठेवून उभं राहिलं तर छोटी गाडीही तासाला लिटरभराच्या आसपास पेट्रोल पिते, आणि पुढे कोंडी आहे हे त्या आकड्याला माहीत नसतं. पेट्रोलही बदललंय. आता आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं, त्यातलं बरंच इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांतून येतं. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. म्हणून दहा वर्षांपूर्वीच्या रिझर्व्हचे किलोमीटर आज तितकेच भरतील असं धरू नये.

रस्तेही तसे राहिले नाहीत. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, तेव्हा वाटेत पेट्रोल पंप अगदी मोजके होते. मनात आलं तिथे उतरून गावातल्या पंपावर जाता येत नाही, ठरलेल्या इंटरचेंजवरच बाहेर पडावं लागतं. शिवाय वेग. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी साठऐवजी शंभरनं गेलात तर तो जवळपास पावणेतीन पट होतो. रिझर्व्हवर असताना वेग कमी करणं हाच सगळ्यात खात्रीचा उपाय आहे, पंप गाठण्यासाठी वेगानं पळवणं ही सगळ्यात मोठी चूक. आणि पंप असला म्हणजे पेट्रोल असेलच असंही नाही. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला ट्रकचालकांच्या आंदोलनात मनमाडजवळच्या पानेवाडीच्या इंधन डेपोतले टँकर थांबले आणि नाशिकसह अनेक जिल्ह्यांतल्या पंपांवर रांगा लागल्या. त्या दिवशी दिवा लागलेल्या गाडीत बसलेल्यांना शिल्लक म्हणजे काय, हे कुणी समजावून सांगावं लागलं नसेल.

शिल्लक इंधनाबद्दल विमानवाल्यांकडून शिकण्यासारखं बरंच आहे, कारण ते फार महागात शिकले. २३ जुलै १९८३ रोजी एअर कॅनडाचं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. त्याचे इंधनमापक बंद होते, म्हणून टाक्यांत मोजपट्टीनं डिप घेतलं. टाक्यांत ७,६८२ लिटर इंधन होतं, हवं होतं २२,३०० किलो. कॅनडात तेव्हा मेट्रिक मापं नव्यानं येत होती. लिटरचे किलो करायला ०.८ नं गुणायला हवं होतं, ते १.७७ नं गुणलं गेलं, म्हणजे उत्तर पौंडांत आलं. सुमारे वीस हजार लिटर भरायचे तिथे पाच हजारसुद्धा भरले नाहीत. वाटेतच, हवेत असताना दोन्ही इंजिनं बंद पडली. कॅप्टन बॉब पिअर्सन हौशी ग्लायडर चालक होते, सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमलीच्या जुन्या हवाई तळाची माहिती होती. त्या तळावरची धावपट्टी तेव्हा मोटार शर्यतींसाठी वापरात होती. तिथे त्यांनी विमान तरंगत उतरवलं. ६९ जण वाचले.

विमानात अखेरची शिल्लक हा प्रवासाच्या हिशेबाचा भागच नसतो. जेट विमानासाठी ती तीस मिनिटांची असते, आणि उतरताना त्याहून कमी उरणार असं दिसताच वैमानिकानं ‘मेडे फ्युएल’ जाहीर करायचं असतं. इंधन तेव्हा संपलेलं नसतं, शिल्लक मोडायची वेळ आलेली असते. मोटारीतल्या पिवळ्या दिव्याकडे मी असंच पाहतो. दिव्यानंतरचे लिटर नियोजनातून वजा केले, की घाटाआधीचा पंप आपोआप थांबायची जागा ठरते.

आपल्या गाडीचा हिशेब काढणं सोपं आहे. गावातच, पंपाजवळ असताना दिवा लागला की लगेच टाकी भरावी, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाली की थांबावं आणि किती लिटर बसले ते पाहावं. टाकीच्या छापील क्षमतेतून ते वजा केले की दिव्याची शिल्लक ढोबळमानानं कळते. तो आकडा सर्व्हिस बुकात लिहून ठेवावा. डिकीत पेट्रोलचा कॅन घेऊन फिरू नये. विदर्भातल्या मे महिन्यात बंद डिकीत साठलेली पेट्रोलची वाफ हे थेट आगीला दिलेलं आमंत्रण आहे.

इतकं करूनही कधी गाडी थांबलीच, तर चारही इंडिकेटर लावावेत, मागे पुरेशा अंतरावर त्रिकोण ठेवावा आणि सगळ्यांनी कठड्यापलीकडे जाऊन उभं राहावं. द्रुतगती मार्गावर बंद गाडीत बसून मदतीची वाट पाहू नये. पेट्रोल आल्यावर एखादा लिटर ओतून घाई करू नका. गाडी चढावर असेल तर तो पंपापर्यंत पोचणारही नाही. किमान चार-पाच लिटर घाला. किल्ली ऑन करून काही सेकंद थांबा, बंद करा, असं तीनदा करा. नळीत दाब तयार होऊ द्या, आणि मगच स्टार्टर मारा.