अंगातलं पाटबंधारे खातं

चिनी माणूस ‘छी’ म्हणाला तर रागावू नये. तो नाक मुरडत नसतो, प्राणाबद्दल बोलत असतो. श्वास, हवा, वाफ, अंगातला जोम, या सगळ्यांना मिळून त्याच्याकडे हा एक शब्द आहे. पारंपरिक चिनी लिपीत तो लिहिताना वाफेचं चिन्ह काढतात आणि तिच्या पोटात तांदळाचं. म्हणजे शिजत्या भातावरची वाफ! प्राणाचं इतकं घरगुती चित्र मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. १९५६ साली चीन सरकारने लिपी सोपी करायला घेतली, तेव्हा त्यातला तांदूळ गेला आणि नुसती वाफ उरली. (सरकारी सुधारणेत पहिला तांदूळच का जातो, हे रेशनच्या रांगेत उभं राहिलेल्यांना विचारावं.)

ही ‘छी’ अंगात सतत वाहत असते, असं चिनी वैद्यक मानतं. वाहते तोवर ठीक, अडली की दुखणं. ‘मोकळं असणं’ आणि ‘दुखणं’ या दोन्हींना तिथे उच्चारही एकच, ‘थुंग’. फरक फक्त सुराचा. सूर वर सरळ ठेवला तर मोकळं, वरून खाली आपटला तर दुखणं. वाहतं तिथे दुखत नाही आणि दुखतं तिथे वाहत नाही, अशी म्हणच आहे त्यांची.

मला या विषयाची गोडी लागली ती खांद्यामुळे. निवृत्तीनंतर उजवा खांदा असा आखडला की कपाटावरचा डबा काढायला शेजारच्या मुलाला हाक मारावी लागे. या दुखण्याला चीनमध्ये ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात. मला तो साठीनंतर झाला. बँकेत बढत्याही मला अशाच उशिरा मिळाल्या. व्यायाम आणि शेक यांनी तो यथावकाश सुटला, पण तेवढ्या महिन्यांत मी बरंच वाचून काढलं.

पिवळ्या नदीच्या पुरात पिढ्यान् पिढ्या वाहून गेलेल्या लोकांना शरीरातही पाणीच दिसावं, यात नवल नाही. त्यांच्या दंतकथेत गुन नावाच्या अधिकाऱ्याने पूर थोपवायला नऊ वर्षं बांध घातले आणि बांध फुटले. त्याचा मुलगा यू याने बांधांचा नाद सोडला, चर खणले, पाणी समुद्राकडे काढून दिलं. तेरा वर्षांत तीनदा स्वतःच्या दारावरून गेला, पण आत पाऊल टाकलं नाही. (त्याच्या बायकोचं म्हणणं काय होतं, ते दंतकथेत नाही.) चिनी वैद्य या यूच्याच वाटेने जातो. अडवायचं नाही, वाट काढून द्यायची.

‘ह्वांगदी नेइजिंग’ हा त्यांचा मूळ ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. त्यात अंगातल्या बारा मुख्य वाहिन्यांना देशातल्या बारा नद्यांची उपमा दिली आहे. बोटांच्या टोकाशी विहीर, मग झरा, मग ओढा, मग नदी आणि कोपरा-गुडघ्यापाशी समुद्र, अशी बिंदूंची नावं. तळपायावर ‘उसळता झरा’. आपल्या चरकसंहितेतही स्रोतसांवर एक अख्खा अध्याय आहे, तेव्हा ही कल्पना आपल्याला परकी वाटू नये. पण चिन्यांची खरी गंमत पुढे आहे. त्यांनी अंगात नद्या सोडल्या आणि लगेच त्यांच्यावर अधिकारी नेमले!

हृदय राजा, फुप्फुस प्रधान, यकृत सेनापती, पित्ताशय निर्णय देणारा न्यायाधीश. जठर आणि प्लीहा कोठावळे. मोठं आतडं वाहतूक अधिकारी. आणि ‘त्रि-दाहक’ म्हणून एक अवयव आहे, त्याच्याकडे चक्क पाटबंधारे खातं. पुढच्या एका ग्रंथाने म्हटलंय की याला नाव आहे, पण रूप नाही. आमच्या विभागीय कार्यालयात असं एक पद होतं. पाटी होती, खुर्ची होती, माणूस मी कधी पाहिला नाही. चिनी त्रि-दाहक निदान काम तरी करतो.

प्रत्येक खात्याला दिवसातले दोन तास नेमून दिलेले आहेत. पहाटे पाच ते सात मोठ्या आतड्याचे. चाळीत वाढलेल्या माणसाला याचा वेगळा पुरावा लागत नाही.

आता हे खरं किती? शवविच्छेदनात या वाहिन्या कोणालाही सापडलेल्या नाहीत. १९७१ साली जेम्स रेस्टन या अमेरिकन पत्रकाराचं अपेंडिक्स बीजिंगमध्ये काढलं. भूल नेहमीचीच होती. सुया टोचल्या त्या नंतर, पोटातल्या अस्वस्थतेसाठी. पण त्याच्या लेखानंतर शस्त्रक्रियाच सुयांवर झाल्याची वदंता जगभर पसरली. २००७ साली जर्मनीत कंबरदुखीच्या ११६२ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. खऱ्या बिंदूंवर सुया टोचलेल्यांपैकी सुमारे ४८ टक्क्यांना आराम पडला, भलतीकडेच वरवर टोचलेल्यांपैकी ४४ टक्क्यांना, आणि नेहमीच्या उपचारांनी २७ टक्क्यांना. म्हणजे सुयांनी बरं वाटतं, पण सुई नेमक्या झऱ्यावरच पडायला हवी असं दिसत नाही. नकाशा कल्पित आहे, असंच मी धरून चालतो.

तरी तो फेकून देववत नाही, त्याला कारण आमच्या वहिनी. दादा गेला तेव्हा त्या रडल्या नाहीत. आल्यागेल्याचा चहा, बँकेची नॉमिनेशनं, तेराव्याची यादी, सगळं त्यांनीच पाहिलं. महिन्याभराने म्हणाल्या, घशात काहीतरी अडकलंय. गिळलं जात नाही, थुंकलंही जात नाही. घास मात्र सरळ खाली उतरत होता. (घासच अडत असेल तर चिनी वैद्यकात वेळ न घालवता त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावं.) दुर्बिणीने तपासलं, फोटो काढले, काही निघालं नाही. “मनाचं आहे,” असं सांगून डॉक्टरांनी फाइल मिटली. बँकेत ताळा न लागणारी रक्कम आम्ही सस्पेन्स खात्यात टाकायचो, तसं झालं. पुस्तकं आमची जुळत, पण ती रक्कम कोणाची तरी असायची.

झांग झोंगजिंग या वैद्याने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी हेच गाऱ्हाणं लिहून ठेवलं आहे. घशात भाजलेल्या मांसाचा तुकडा अडकल्यासारखं वाटतं, असं म्हणून त्याने त्यावर काढाही दिला आहे. पुढे त्याला नाव पडलं ‘आलुबुखाराच्या बाठ्याची छी’. दुःख किंवा राग कोंडला की छी घशाशी तुंबते, अशी त्याची उपपत्ती. आपणही ‘आवंढा’ म्हणतो, पण तो गिळून टाकायचा असतो एवढंच आपल्याला ठाऊक.

मी वहिनींना हे सगळं वाचून दाखवलं. काढ्याबद्दल त्यांनी काही विचारलं नाही. बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे हे माझ्याआधी कुणाला तरी झालं होतं तर.” मग दादाच्या शेवटच्या आठवड्याबद्दल त्या पहिल्यांदाच बोलायला लागल्या. दिवेलागण झाली तरी बोलत होत्या.