जुना सीपीयू, नवा मॉनिटर

आजोबांचा जाडजूड काचेचा मॉनिटर बंद पडला, की घरातलं कुणीतरी जाहीर करतं, "आता अख्खा कॉम्प्युटरच बदला." बहुतेक वेळा त्याची गरज नसते. सीपीयूच्या मागे तीन ओळींत पंधरा छिद्रं असलेलं, सहसा निळं सॉकेट दिसतं, ते व्हीजीए. आयबीएमने १९८७ मध्ये आणलेली ही जोडणी आजही बऱ्याच स्वस्त मॉनिटरवर एचडीएमआयच्या शेजारी मिळते. ज्येष्ठांसाठी घ्यायचा तर तसाच घ्यावा; मधे लोंबणारं कुठलंही खटलं नको.

मॉनिटरला फक्त एचडीएमआय असेल, तर कन्व्हर्टर लागतो. "कन्व्हर्टर काय, कुठलाही चालतो" हा समज खिशाला चाट लावतो. व्हीजीएतून अ‍ॅनालॉग सिग्नल येतो, एचडीएमआयला डिजिटल लागतो, आणि कन्व्हर्टर एकाच दिशेने काम करतो. दुकानात सर्रास मिळतो तो नव्या लॅपटॉपला जुना प्रोजेक्टर जोडायचा, म्हणजे नेमका उलटा. आपल्याला हवा असतो व्हीजीएकडून एचडीएमआयकडे जाणारा. त्याला बहुधा विजेसाठी यूएसबीची वायर असते. सीपीयूला डिजिटल डीव्हीआय सॉकेट असेल तर मात्र साधी डीव्हीआय-एचडीएमआय केबल पुरते.

"आउट ऑफ रेंज" अशी पाटी आली म्हणजे मॉनिटर खराब, असंही नाही. काचेच्या मॉनिटरवर ६० हर्ट्‌झला चित्र लुकलुकायचं, म्हणून अनेकांनी ८५ ठेवलेलं असायचं. साधे एलसीडी ६० ते ७५ पर्यंतच झेपवतात. जुना मॉनिटर चालू असतानाच हा रिफ्रेश रेट ६० करून ठेवावा. तो गेलाच असेल, तर एक्सपी किंवा विंडोज ७ सुरू होताना एफ८ दाबून सेफ मोडमध्ये शिरता येतं; तिथे चित्र दिसतं.

सगळ्यात चिवट गैरसमज: मोठा पडदा म्हणजे मोठी अक्षरं. सतरा इंची काचेच्या मॉनिटरवर, १०२४ बाय ७६८ ला, इंचाला साधारण ८० ठिपके बसत. साडेएकवीस इंची फुल एचडीवर १०२ बसतात. म्हणजे तेच अक्षर जवळजवळ पाचव्या हिश्शाने बारीक! मग नातू रिझोल्युशन कमी करतो. अक्षरं मोठी होतात, पण धूसर, आणि फोटोतली माणसं आडवी सुटलेली. रिझोल्युशन मॉनिटरचं मूळचं, १९२० बाय १०८०, तसंच राहू द्यावं आणि विंडोजमध्ये अक्षरांचा आकार १२५ टक्के करावा. एक्सपीमध्ये हीच सोय १२० डीपीआय या नावाने आहे.

जुन्या बोर्डाच्या यादीत १९२० बाय १०८० हा पर्यायच नसेल, तर हट्ट सोडावा आणि १२८० बाय १०२४ चा चौकोनी, सेकंडहँड एकोणीस इंची शोधावा. दिसायला जुनाट, पण वाचायला झकास.

दुकानात निघण्याआधी सीपीयूच्या पाठीचा मोबाइलवर फोटो काढून घ्या. दोन व्हीजीए दिसली तर केबल सहसा खालच्या आडव्या पट्टीतल्या, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या, सॉकेटला लावायची; वरचं बहुधा बंद असतं.