नंबर, नाव आणि गाव
दिवंगत सैनिकाच्या नोंदींची दुरुस्ती : रत्नागिरीच्या संदर्भात

सैन्याच्या दप्तरात माणसाची ओळख तीन गोष्टींनी पटते : त्याचा नंबर, त्याचे नाव आणि त्याचे गाव. यांपैकी नंबर पलटण देते. नाव आणि गाव तो घरून घेऊन येतो, आणि रत्नागिरी जिल्ह्यातील दिवंगत सैनिकांच्या ज्या नोंदी आज वारसांना दुरुस्त करून घ्याव्या लागतात, त्यांतील अनेक चुका घरून आणलेल्या या दोन गोष्टी परक्या लिपीत, परक्या कानाने लिहून घेताना झालेल्या आहेत. नंबर मात्र बहुधा बरोबर असतो. त्यामुळे एखाद्या माणसाची सारी सेवा, सर्व पदके आणि शेवटची सही कागदोपत्री शाबूत असूनही ती नेमकी कोणाची, हे सिद्ध करण्याचे ओझे त्याच्या विधवेवर किंवा मुलांवर येऊन पडते.

रत्नागिरी हा जुन्या मुंबई लष्कराला माणसे पुरवणारा जिल्हा होता आणि १८८० च्या गॅझेटियरमध्येही त्याची ही ओळख नोंदलेली आहे. दापोलीला वृद्ध माणसे अजून ‘कॅम्प दापोली’ म्हणतात, ते तेथील जुन्या लष्करी ठाण्यामुळे. निवृत्त हवालदार-सुभेदारांची वस्ती तेथे दीर्घकाळ होती. कोकणी मराठे आणि महार पायदळात गेले, तर किनाऱ्यावरील कोकणी मुसलमान रॉयल इंडियन मरीनमध्ये, म्हणजे पुढच्या नौदलात, मोठ्या संख्येने गेले. परंतु या माणसांचे कागद रत्नागिरीत कधीच राहिले नाहीत. प्रत्येक रेजिमेंटचे आणि शाखेचे स्वतंत्र अभिलेख कार्यालय असते, त्याला बोलीत सरळ ‘रेकॉर्ड’ म्हणतात. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेकॉर्ड बेळगावला, महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशात सागरला, तोफखान्याचे नाशिक रोडला, बॉम्बे इंजिनिअर ग्रुपचे खडकीला आणि नौसैनिकांचे मुंबईत मानखुर्दला आहे. जिल्ह्याच्या गावी असते ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, ज्याला गावोगाव आजही ‘सैनिक बोर्ड’ असेच म्हटले जाते. या व्यवस्थेचे मूळ १९१९ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन सोल्जर्स बोर्डापर्यंत जाते. या कार्यालयाला मूळ नोंद बदलण्याचा अधिकार नाही. अर्ज तपासणे, साक्षांकित करणे आणि योग्य त्या रेकॉर्डकडे पाठवणे एवढेच त्याचे काम आहे. तरीही मंडणगड किंवा राजापूरच्या आतल्या वाडीतून आलेल्या बाईला आपला नवरा कोणत्या पलटणीत होता आणि पत्र कोठे धाडायचे, हे सांगणारे जवळचे ठिकाण तेच असल्यामुळे त्याचे महत्त्व त्याच्या अधिकारांपेक्षा पुष्कळ मोठे आहे.

नोंद म्हणजे एकच कागद नव्हे, हे येथे समजून घ्यावे लागते. भरतीच्या दिवशी ‘शीट रोल’ उघडला जातो. त्यात नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका, वय आणि अंगावरील खुणा लिहिल्या जातात आणि पुढे बढती, बदली, शिक्षा, जखम, पदक या साऱ्यांची भर पडत जाते. ही भर आपोआप पडत नाही. पलटणीच्या दैनंदिन आदेशांचा जो दुसरा भाग असतो, त्यात ती घटना प्रसिद्ध व्हावी लागते. यालाच ‘पार्ट टू ऑर्डर’ म्हणतात, आणि लग्न किंवा मुलाचा जन्म झाला तरी पार्ट टू ऑर्डर निघाली नसेल तर रेकॉर्डच्या दृष्टीने ती घटना घडलेलीच नसते. निकटच्या नातेवाइकांची यादी ‘किंड्रेड रोल’मध्ये असते. सेवा संपताना सैनिकाच्या हाती ‘डिस्चार्ज बुक’ येते आणि पेन्शनपात्र असेल तर पेन्शन प्रदान आदेश, म्हणजे पीपीओ, निघतो. ज्याला पेन्शन नाही अशा माणसाचा शीट रोल नियमाप्रमाणे २५ वर्षांनंतर नष्ट केला जातो. त्याच्यामागे उरते ती ‘लाँग रोल’ नावाच्या मोठ्या वहीतली त्रोटक नोंद. दुसऱ्या महायुद्धासाठी भरती होऊन १९४६-४७ मध्ये घरी पाठवलेल्या असंख्य शिपायांची सारी लष्करी हयात या नोंदीत सामावलेली आहे, आणि म्हणून त्यांच्या घरातले डिस्चार्ज बुक पावसाळी ओलीने किंवा वाळवीने गेले असेल, तर झालेली हानी भरून काढणे फार कठीण असते.

नावाचा प्रश्न सर्वांत गुंतागुंतीचा आहे. मराठी माणसाचे नाव स्वतःचे, वडिलांचे आणि आडनाव अशा तीन पदांचे असते. जुन्या भरतीच्या वह्यांत मात्र कधी पहिली दोन पदे येत, कधी पहिले आणि तिसरे, तर कधी केवळ एकच. कंपनी सरकारच्या काळातील महार शिपायांची नावे ‘नाक’ या प्रत्ययाने संपत, कोरेगाव भीमा येथील स्तंभावर ती तशीच कोरलेली आहेत, आणि हा प्रत्यय नंतरच्या पिढ्यांनी सोडून दिल्यामुळे स्तंभावरचे नाव आणि आजचे घराणे यांचा सांधा केवळ अक्षरांवरून जुळत नाही. आडनावही स्थिर नव्हते. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांच्या मुलाचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेच्या पटावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ असे लागले. बापाचे आडनाव कुळाचे आणि मुलाचे गावावरून आलेले. कोकणात ही रीत इतकी रुळलेली होती की कोणाला त्यात काही वावगे वाटले नसते. हे पिता-पुत्र जगाला ठाऊक आहेत म्हणून त्यांच्या नात्याबद्दल आज कोणी प्रतिज्ञापत्र मागणार नाही. परंतु अशाच बदललेल्या आडनावाच्या एखाद्या सामान्य नाईकाच्या नातवाकडे ते मागितले जाते, आणि मागावेही लागते, कारण रेकॉर्डमधील कारकुनाला सकपाळ आणि आंबेडकर यांच्यामधला गावरस्ता माहीत नसतो.

त्यात भर पडते रोमन लिपीची. मराठीतील महाप्राण अक्षरे, ‘ळ’, अनुस्वार आणि र्‍हस्व-दीर्घ यांना त्या लिपीत ठरलेली जागा नसल्यामुळे एकाच माणसाची दोन-तीन रूपे तयार होत. इटलीतील सेनिओ नदीकाठी ९ एप्रिल १९४५ च्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे नामदेव जाधव यांचे आडनाव इंग्रजी ग्रंथांत बहुधा ‘ध’मधील ‘ह’कार गमावून ‘जादव’ असे आढळते. सर्वोच्च सन्मान मिळवणाऱ्याच्या नावातही जेथे एक अक्षर गळते, तेथे साध्या शिपायाच्या नोंदीत काय होत असेल, याची कल्पना करता येते. पलटणीचे नावही यातून सुटलेले नाही : जुन्या कागदांत ‘मराठा’ हा शब्द आजच्या वर्णलेखनाने शोधला तर सापडत नाही, कारण तो तेव्हा ‘म्हराट्टा’ असा लिहिला जाई.

गावाच्या बाबतीत चूक बहुधा लिहिणाऱ्याची नसते, ती काळाच्या ओघात तयार झालेली असते. १ मे १९८१ पर्यंत आजचा सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीचाच भाग होता, आणि त्यातील सावंतवाडी तर स्वातंत्र्यानंतर विलीन होईपर्यंत स्वतंत्र संस्थान होते. म्हणून कुडाळचा एकच सैनिक भरतीच्या कागदावर रत्नागिरीचा आणि विधवेच्या पेन्शनच्या कागदावर सिंधुदुर्गचा असतो. दोन्ही नोंदी खऱ्या असूनही परस्परविरोधी दिसतात. त्यातच एकाच नावाची गावे दोन-तीन तालुक्यांत असणे आणि माणसाची खरी ओळख वाडीवर ठरत असूनही कागदावर वाडीला रकाना नसणे, ही कोकणाची खास अडचण आहे.

वयाचा भाग वेगळा आहे. भरतीच्या वेळी जन्माचा दाखला नसेल तर डॉक्टर दिसण्यावरून वय लिहीत, आणि सैनिकाची एकदा लिहिलेली जन्मतारीख ठरावीक मुदतीनंतर बदलू न देण्याकडेच नियमांचा व न्यायालयांचा कल राहिला आहे. मृत्यूनंतर तर तो मार्ग जवळजवळ बंदच होतो. पत्नीची जन्मतारीख मात्र आजही दुरुस्त होऊ शकते आणि तिचे आर्थिक मोल फार आहे. सहाव्या वेतन आयोगापासून कुटुंब निवृत्तिवेतनात वयाच्या ८० व्या वर्षी २० टक्के, ८५ व्या वर्षी ३०, ९० व्या वर्षी ४०, ९५ व्या वर्षी ५० आणि शंभरीला १०० टक्के वाढ मिळते. पण पीपीओवर पत्नीची जन्मतारीखच नसेल तर ती कधी ऐंशीची झाली हे ठरवणार कसे? शाळेत न गेलेल्या आजीजवळ शाळा सोडल्याचा दाखला नसतो. अशा वेळी कामास येतो तो तहसील कार्यालयातील गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाने गावातील जन्म-मृत्यू लिहिलेले ‘कोतवाल पुस्तक’. त्यात बहुधा मुलीचे नावच नसते, केवळ बापाचे नाव आणि ‘मुलगी’ एवढाच शब्द असतो, तरी तारीख असते, आणि इतर कागदांची जोड मिळाली तर ती उपयोगी पडते.

दुरुस्तीची वाट सर्वसाधारणपणे अशी आहे. दोन नावांची व्यक्ती एकच असल्याचे प्रतिज्ञापत्र, आवश्यक तेथे वृत्तपत्रातील जाहिरात किंवा राजपत्रातील प्रसिद्धी, मृत्यूचा दाखला, वारसाचा पुरावा आणि डिस्चार्ज बुकाची प्रत एवढे घेऊन अर्ज सैनिक बोर्डामार्फत रेकॉर्डला जातो. रेकॉर्ड तो आपल्या मूळ कागदांशी ताडून पाहते आणि बाब पेन्शनची असेल तर प्रयागराज येथील संरक्षण लेखा प्रधान नियंत्रकाकडून शुद्धिपत्रकी पीपीओ निघतो. नकार मिळाला तर सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले, त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे आणि सैनिकाच्या वारसांनाही तेथे दाद मागता येते. अर्जाची मुदत साधारणतः सहा महिन्यांची असली तरी पेन्शन नाकारले जाणे ही दरमहा नव्याने घडणारी हानी मानली जाते. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणातील निर्णयानुसार मागील थकबाकी सामान्यतः तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे ३० वर्षे चुकीच्या अक्षरामुळे वंचित राहिलेल्या कुटुंबाची २७ वर्षे गेली ती गेलीच. चूक सरकारी दप्तरात झालेली असताना विलंबाचा भार विधवेने सोसावा, ही या व्यवस्थेतील सर्वांत बोचणारी गोष्ट आहे.

पदकांच्या दुरुस्तीत प्रथम एक भेद पाळावा लागतो. मोहिमेचे पदक हा हक्क असतो : ठरलेल्या काळात, ठरलेल्या प्रदेशात सेवा केली की १९६५ चा समर सेवा तारा किंवा १९७१ चे पूर्वी तारा, पश्चिमी तारा, संग्राम पदक मिळते, आणि ते नोंदीत राहून गेले असेल तर पलटण तेव्हा कोठे होती हे दाखवून दावा करता येतो. शौर्यपदकाला मात्र त्या वेळी झालेली शिफारस लागते. कुटुंबाची आठवण कितीही खरी असली तरी ती शिफारशीची जागा घेऊ शकत नाही. पणजोबांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाल्याची परंपरा घरात असेल आणि काळ १९११ पूर्वीचा असेल, तर ती गोष्ट शक्य नाही, कारण त्या वर्षापर्यंत हिंदी सैनिक त्या पदकाला पात्रच नव्हते. त्यांच्यासाठी १८३७ पासूनचे इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट होते, आणि घरची आठवण कदाचित त्याची असेल. याउलट १९६७ पूर्वीच्या कागदावर ‘अशोक चक्र, वर्ग तीन’ असे असेल तर ते आजचे शौर्य चक्र होय. येथे चूक कोणाचीच नाही, फक्त नाव बदललेले आहे.

पदक स्वतःही पुरावा असते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश वॉर मेडलच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असे, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमधील सैनिकांना कोरी पदके मिळाली तरी हिंदी सैनिकांच्या पदकांवर नावे घातली गेली. ज्याला घरात ‘आजोबांचा बिल्ला’ म्हणतात, त्याची कड भिंगाखाली पाहिली तर शीट रोल जळून गेला असला तरी नंबर हाती लागतो. दुर्दैवाने ते ब्रिटिश वॉर मेडल चांदीचे होते, आणि अडचणीच्या वर्षी चांदी सोनाराकडे मोडीत जाते.

काही नोंदी एका अक्षराने दुरुस्त होण्यासारख्या नसतात. महारांची भरती बंद झाल्यावर दापोलीत राहणारे निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ च्या सुमारास त्याविरुद्ध जो अर्ज सिद्ध केला, तो एका अर्थी साऱ्या समाजाच्या सेवानोंदीच्या दुरुस्तीचाच अर्ज होता. फेब्रुवारी १९४६ च्या नौदलाच्या उठावात नोकरी गमावलेल्यांचा सहभाग पुढे केंद्राच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेत मान्य झाला. तरी नौदलाच्या दप्तरातील नोकरी गेल्याचा शेरा आणि स्वातंत्र्यसैनिकाचे मानपत्र हे दोन वेगळ्या कार्यालयांचे कागद आहेत.

परदेशी भूमीवर मेलेल्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे असते. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी मेसोपोटेमियात कुतच्या वेढ्यात अडकल्या होत्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील सुमारे १३,००० सैनिक तुर्कांचे कैदी झाले. त्या मोहिमेत ज्यांची समाधी सापडत नाही अशा ४०,००० हून अधिक जणांचे स्मारक बसऱ्याला आहे. त्यावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, हिंदी शिपायांचा मात्र पलटणीखाली केवळ आकडा लिहिला गेला. त्यांची नावे नोंदवहीत राहिली. आयोगाच्या २०२१ च्या अहवालाने ही असमानता उघडपणे मान्य केली आणि पूर्व आफ्रिका, इजिप्त यांसारख्या प्रदेशांतील किमान १,१६,००० मृतांचे कोठेही नावाने स्मरण झालेले नाही, असे नमूद केले. कुटुंबाकडून पुरावा आल्यास आयोग नोंद सुधारतो. त्यासाठी लागणारे कागद लंडनमध्ये नाहीत आणि बेळगावातही पूर्ण नाहीत; गावाचे आजचे नाव, वाडी, वडिलांचे नाव आणि आडनावाचा घरातला उच्चार या चार गोष्टी खेड-संगमेश्वरच्या घरांतच मिळू शकतात.