शिक्षेची शेवटची वर्षे कुठे काढायची?

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार तुरुंग हा राज्यांचा विषय आहे. सुटलेल्या कैद्याने पुन्हा समाजात पाय कसे रोवावेत, याची घडी त्यामुळे ज्या-त्या राज्यानेच बसवायची असते. बहुतेक राज्यांनी ती बसवलेली नाही. पिढ्यान् पिढ्या ज्या कायद्यावर कारभार चालला, तो १८९४ चा. बंदोबस्त, शिस्त आणि सक्तमजुरी यांपलीकडे त्याची नजर फारशी जात नव्हती.

जन्मठेपेचा कैदी साधारणपणे चौदा वर्षे काढल्याशिवाय सुटत नाही. एवढ्या काळात मुले मोठी होतात, आई-वडील जातात, शिकलेला हुन्नर मागे पडतो. कधी उठायचे, कधी जेवायचे, दिवा कधी मालवायचा, हे सगळे दुसऱ्याने ठरवलेले. स्वतःचा एकही निर्णय इतकी वर्षे न घेतलेल्या माणसाला एके सकाळी फाटकाबाहेर काढले आणि तो पुन्हा चुकला, की दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो. व्यवस्थेने त्याची तयारी करून घेतली होती का, हे कोणी विचारत नाही.

राजस्थानने या प्रश्नाचे उत्तर शिक्षेच्या रचनेतच शोधले. उत्तर प्रदेशात १९५२ मध्ये चंद्रप्रभा धरणाच्या कामावर कैद्यांना मोकळ्या छावणीत ठेवण्याचा प्रयोग झाला होता. त्यामागे असलेले डॉ. संपूर्णानंद पुढे राजस्थानचे राज्यपाल झाले आणि १९६३ मध्ये जयपूरजवळ सांगानेरला खुले बंदी शिबिर उभे राहिले. १९७२ च्या नियमांनी त्याला कायमची चौकट दिली. माफी धरून एक तृतीयांश शिक्षा भोगलेला आणि वर्तन चांगले असलेला कैदी खुल्या शिबिरासाठी पात्र ठरू शकतो. काही गुन्ह्यांतले कैदी मात्र वगळलेले आहेत.

सांगानेरला कैदी बायको-मुलांसह राहतो. सकाळी हजेरी देऊन कामाला बाहेर पडायचे आणि संध्याकाळच्या हजेरीला परत यायचे, हा तिथला मुख्य नियम. हजेरी घेते ती कैद्यांचीच पंचायत. कोणी रिक्षा चालवतो, कोणी रखवालदारी करतो, कोणी मजुरीला जातो. सरकार जेवण देत नाही. किराणा, विजेचे बिल, मुलांची फी हे सगळे ज्याने-त्याने आपल्या कमाईतून भागवायचे. महिनाअखेरीची ओढाताण इथेही आहे, आणि ती असणे हेच या शिबिराचे खरे शिक्षण आहे. बाहेर गेल्यावर जे करावे लागणार, तेच कैदी इथे आधीपासून करत असतो. २०१७ च्या एका अभ्यासानुसार जयपूरच्या मध्यवर्ती कारागृहात एका कैद्यावर महिन्याला सुमारे सात हजार रुपये खर्च होत होते. सांगानेरला पाचशेच्या आसपास. शिक्षा संपल्यावरही काही कुटुंबे इथून हलायला तयार नसतात, कारण शिबिराबाहेर माजी कैद्याला भाड्याने खोली मिळत नाही. एवढी एक अडचण तुरुंग खात्याला एकट्याने सोडवता येण्यासारखी नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना नवी नाही, उलट आपण राजस्थानच्याही आधीचे. औंध संस्थानात १९३९ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांच्या पुढाकाराने आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले. भिंती नसलेल्या त्या वसाहतीत कैदी कुटुंबासह राहून शेती करू लागले. गदिमांची कथा आणि व्ही. शांताराम यांचे दिग्दर्शन असलेला ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) याच प्रयोगावरून सुचला. वसाहत आजही चालू आहे. राज्यात पैठण, येरवडा अशी इतरही खुली कारागृहे आहेत, पण तिथे भर खात्याच्या शेतीवर आणि बराकीतल्या राहण्यावर. कुटुंबासह राहण्याची स्वतंत्रपूरची पद्धत राज्यभर पसरली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

घराशी धागा टिकवण्याचे महाराष्ट्रातले मुख्य साधन म्हणजे रजा. १९५९ च्या नियमांनुसार संचित रजा, म्हणजे फर्लो, शिक्षेत धरली जाते. घरातले आजारपण, मृत्यू अशा कारणांसाठी मिळणारी अभिवचन रजा, म्हणजे पॅरोल, धरली जात नाही. मे २०२२ मध्ये येरवड्यातून सुरू झालेली राज्य सहकारी बँकेची ‘जिव्हाळा’ योजना त्याहून वेगळ्या वाटेने जाते. जामीनदाराशिवाय, सात टक्के व्याजाने पन्नास हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते आणि ते तुरुंगातल्या मजुरीतून फेडायचे असते. मुलाची फी किंवा वकिलाचे पैसे आत बसून भागवता आले, तर घरातला कर्ता म्हणून असलेली जागा काही प्रमाणात तरी शिल्लक राहते.

या सगळ्या सोयी शिक्षा झालेल्यांसाठी आहेत. देशातल्या तुरुंगांत मात्र जवळपास तीन चतुर्थांश बंदी कच्चे, म्हणजे खटला चालू असलेले आहेत. त्यांना खुले कारागृह नाही आणि फर्लोही नाही. दोन-तीन वर्षांनी जामीन किंवा निर्दोष सुटका झाली, की त्यांना कसल्याही तयारीविना सोडले जाते; तोवर नोकरी आणि भाड्याचे घर बहुधा गेलेले असते. राज्याने नव्या रचनेला हात घातला, तर पहिली तरतूद या लोकांसाठी हवी: ओळखपत्र आणि बँक खाते आत असतानाच, वकील पहिल्या आठवड्यात आणि सुटकेनंतर काही महिने विचारपूस करणारा समाजसेवक.