बोरघाट उतरताना

आपल्या खालापूर तालुक्यात खोपोलीला बोरघाट सुरू होतो. इथला गाडीरस्ता १८३० साली खुला झाला, द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. कर्जतला घाट चढणाऱ्या रेल्वेगाड्यांना मागून जादा इंजिने लावतात, ते आपण पाहतोच. ट्रकला असे कोण ढकलणार?

पण ड्रायव्हरकाकांना विचारा. ते म्हणतील, चढण परवडली, उतार नको! भरलेला ट्रक उतारावर आपणहून पळू बघतो. सारखा ब्रेक दाबून ठेवला तर घासून घासून ब्रेक तापतो, जळका वास येतो, आणि मग पाय कितीही दाबा, ब्रेक लागतच नाही. म्हणून घाटाच्या माथ्यावरच गाडी खालच्या गियरमध्ये टाकतात. मग इंजिनच गाडीला मागे धरून ठेवते. ज्या गियरने चढायचे त्याच गियरने उतरायचे, असे जुने ड्रायव्हर सांगतात. कोणी कोणी डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून सोडतात. ते फारच वाईट! इंजिनाचा आधार सुटतो नि सगळा भार ब्रेकवर येतो.

जुन्या रस्त्यावर शिंग्रोबाचे देऊळ आहे. येताजाता ड्रायव्हर तिथे नाणे टाकतात.

ब्रेक तापलाच तर गाडी बाजूला घेऊन निवू द्यावी. पाणी मारू नये, तापलेल्या लोखंडाला तडा जातो.